अर्धी पेज

पनवेलच्या मच्छी मार्केटात जनीच्या पाटीसमोर कुणी भाव करायला उभं राहिलं, की शेजारच्या कोळणी हातातली सुरी थांबवून ऐकत बसायच्या. फुकटची करमणूक कोण सोडतं? खारघरच्या टॉवरमधून गाडीनं आलेली एखादी बाई नाकाला रुमाल लावून "ताजे आहेत ना?" असं विचारायची, आणि जनी पाटीतल्या पापलेटाकडे वळून त्यालाच विचारायची, "सांग रे बाबा बाईला, कवा आयलास." पण ही मस्ती धंद्यापुरती. घरी आजारी माणूस आहे, असं कुणी म्हटलं की तिचा आवाज उतरायचा. मग ती पापलेट विकायची नाही. पाटीच्या तळातून पचायला हलक्या मुडदुशा काढायची, स्वतः साफ करून द्यायची आणि बजावायची, "तिखट नको घालू, बाय. पातल कालवन कर. उभा राहील मानूस." बाळंतिणीच्या घरच्यांसाठी खाडीच्या चिखलातल्या निवट्या राखून ठेवायची. आजारी माणसाच्या तोंडी काय घालावं हे जनीला विचारावं, असं अर्धं मार्केट म्हणायचं.

तिचा नवरा दयाराम. उरणच्या खाडीवर वाढलेला, हाडापेरानं दणकट. ऐन उमेदीत भरलेलं जाळं एकट्यानं ओढायचा. पुढे खाडीतली मासळी आटली तेव्हा होडी काढून टाकून तो पनवेलच्या कोळीवाड्यात राहायला आला. साठीला साखर निघाली, तरी ओहोटी लागली की चिखलात उतरायची खोड काही गेली नाही. गेल्या वर्षी गणपतीनंतर असाच कालवं काढायला गेला आणि शिंपल्याच्या धारेनं उजव्या पायाची बोटं कापून घेऊन आला. त्याला पत्ताच नव्हता. साखरेनं पाय बधिर झालेला. लादीवर रक्ताची पावलं उमटलेली जनीनं बघितली तेव्हा घरात कळलं.

जखम भरेना, म्हणून पथ्य सुरू झालं. जनी म्हणजे काम हातात घेतलं की अर्धवट सोडणारी नव्हे. पहिल्या डॉक्टरांनी साखर, केळी, बटाटा बंद सांगितले आणि भात कमी करायला लावला. ते बरोबरच होतं. दुसऱ्यांनी रक्तदाब बघून मीठ कमी करा म्हटलं. जनीनं सुकी मच्छी, पापड, लोणचं तर काढलंच, पण कमी कशाला म्हणून मीठच टाकायचं बंद केलं. तिसऱ्यांनी किडनीचा रिपोर्ट बघून "डाळ, मच्छी जरा बेतानं" एवढंच म्हटलं. बेतानं म्हणजे किती, हे विचारायला ती थांबली नाही, कारण दाराबाहेर माणसं खोळंबली होती. घरी येऊन तिनं मच्छी, कोंबडी, अंडं, डाळ, सगळ्यावर पाणी सोडलं. पुढचं काम बघायला येणाऱ्यांनी केलं. बाजारात शेजारी बसणारी गोदू म्हणाली, वांग्यानं जखम चिघळते. नणंद म्हणाली, दूध-दही थंड, पू धरतं. शेंगदाणा पित्ताचा, भाकरी जड. येणारा प्रत्येक जण दयारामच्या ताटातला एकेक जिन्नस उचलून घेऊन गेला, आणि परत आणून द्यायला कुणी आलं नाही. काय खायचं नाही हे सगळ्यांनी सांगितलं. काय खायचं, हे सांगणारा एक माणूस भेटला नाही, आणि जनीनंही कुणाला विचारलं नाही. शेवटी राहिली बिनमिठाची पातळ पेज आणि उकडलेला दुधी.

एका दुपारी ती बाजारातून लवकर आली, तर दयाराम मागच्या अंगणात वळणीवरचा सुका बोंबील ओढून तोंडात धरून उभा. जनीच्या डोक्यात तिडीक गेली. शेजारच्या बायका कोलीम, ती बारीक कोलंबी, वाळत घालत बसल्या होत्या, त्यांच्या देखत तिनं त्याचं तोंड उघडलं आणि लहान पोराच्या तोंडातली माती काढावी तसा बोंबील बोट घालून बाहेर काढला.

"पाय पायजे का बोंबील पायजे?" तिनं विचारलं.

दयारामनं पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "पाय."

बायका म्हणाल्या, अशी बायको मिळायला नशीब लागतं. जनीलाही तसंच वाटलं. त्यानंतर त्यानं कधी काही मागितलं नाही.

आता आणखी एक गोष्ट, जी जनीनं कुणालाच सांगितली नव्हती. तिनं एकविरा आईला नवस बोलला होता: हा आपल्या पायानं तुझा डोंगर चढून येईस्तोवर याच्या ताटात उरेल तेवढंच माझं. नवस बोलून दाखवला की त्याचं बळ जातं, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं. म्हणून बाजारात ती सांगायची, घरून जेवून आले. आणि घरी सांगायची, बाजारात खाल्लं. चहा तेवढा तिनं नवसात धरला नव्हता. मुलगा कुंदन द्रोणागिरीला गोदामात कामाला, बायको-पोरासह तिकडेच राहायचा आणि रविवारी यायचा. म्हणजे घरात बघणारं कुणी नाही. जनी टोपात एका माणसाची पेज करायची. दयाराम अर्धी प्यायचा आणि ताट सरकवायचा. "पोट भरला," म्हणायचा. उरलेली अर्धी जनी त्याच्याकडे पाठ करून संपवायची आणि पाटी उचलून बाजार गाठायची. नवऱ्याची भूक मेली म्हणून तिला काळजी वाटायची, पण पथ्य तरी नीट चाललंय, असं म्हणून ती मनाची समजूत घालायची.

होळीच्या सुमाराला बोटं काळी पडली आणि दयारामला पनवेलच्याच एका मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. सर्जन उदयसिंह यांनी दोन बोटं काढली. पण वरची जखम बंद व्हायचं नाव घेईना. औषधं भारीतली चालू होती, साखर ताब्यात होती, तरी जखमेचा रंग राखेसारखा. बघायला येणारे मात्र दयारामचा फुगलेला चेहरा आणि जाड झालेले पाय बघून म्हणायचे, "अंग धरलाय हो म्हाताऱ्यानं." जनीला बरं वाटायचं.

एका सकाळी डॉक्टरांनी कुंदनला आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून थोडे दिवस बघतो. जखम हलली नाही तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. विष वर चढलं तर जीव वाचवणं कठीण जाईल."

ज्या पायासाठी एवढं केलं, तोच जाणार? तिनं डॉक्टरांना सांगितलं, पथ्यात काडीची कसूर केलेली नाही. डॉक्टर "बरोबर आहे" म्हणून पुढच्या खाटेकडे गेले.

त्याच दुपारी अनुया आली. हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञ, तिशीतली, खारघरला ओवे गावाच्या बाजूला राहणारी. जखम भरत नाही असा पेशंट असला की तिला बोलवायचं, अशी तिथली नवी पद्धत. हिला काय कळतंय, या नजरेनं जनीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काका, हल्ली जेवण कसं काय?" अनुयानं विचारलं.

उत्तर जनीनं दिलं. एकेक बंद केलेली वस्तू तिनं अभिमानानं सांगितली. अनुया आधी मान हलवत होती, मग तिचं मान हलवणं थांबलं. तिनं दयारामच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. ओल्या मातीत बोट रुतावं तसा तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हे अंग धरलेलं नाही, मावशी. हे पाणी आहे," ती म्हणाली.

मग तिनं आपली दोन बोटं दयारामच्या मुठीत दिली. "दाबा जोरात." दयारामनं दाबली. अनुयानं वाट बघितली आणि पुन्हा म्हणाली, "दाबा ना, काका." तो म्हणाला, दाबतोय की. जाळं ओढणारा तो हात बाईच्या दोन बोटांना चिमटा काढू शकत नव्हता, हे जनीनं डोळ्यांनी बघितलं.

शेवटी अनुयानं त्याच्या सदऱ्याची बाही वर केली आणि दंडाला टेप लावली. दंडावर काळ्या दोऱ्यात ओवलेला ताईत होता. तो दोरा सैल झाला की जनी पुन्हा आवळून गाठ मारायची. गाठीपुढचं लोंबणारं दोऱ्याचं टोक आता वीतभर लांब झालं होतं. गाठी सगळ्या तिनंच मारलेल्या. दोरा जुना झाला, ताणला गेला, असं ती समजत आली होती. आज टेपच्या बाजूला ते लांबलचक टोक तिनं नीट बघितलं. दोरा ताणलेला नव्हता.

"मावशी," अनुया म्हणाली, "काकांच्या शरीराला कित्येक महिने पुरेसं अन्न मिळालेलं नाही. मांस झिजलंय, आणि ते सुजेखाली झाकलं गेलंय. याला कुपोषण म्हणतात. जखम भरायला नवं मांस लागतं. ते कशातून बनणार? पेजेच्या पाण्यातून?"

जनीला आधी कळलंच नाही. कुपोषण हा शब्द तिनं अंगणवाडीच्या भिंतीवर बघितला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी पोरं त्या चित्रात असायची, दूर जंगलातल्या पाड्यांवरची. कोळ्याच्या घरात, दारात पाटीभर मच्छी असताना, साठीच्या बाप्याला कुपोषण?

"ते पोरांना होतं," ती म्हणाली.

"मोठ्यांनाही होतं. या वॉर्डात काका एकटे नाहीत," अनुया म्हणाली. "तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाहीये, मावशी. आमच्यापैकी कुणी एकदा बसून विचारायला हवं होतं."

पण जनीच्या कानात पुढचं काही शिरत नव्हतं. ती वॉर्डाबाहेर आली आणि पॅसेजमधल्या बाकड्यावर बसली. समोरून ट्रॉल्या जात होत्या, कुणीतरी तिला पाय आत घ्यायला सांगितलं, तिनं ते ऐकलंच नाही. तिला आपला स्वतःचा हात दिसत होता, नवऱ्याच्या तोंडात बोट घालून बोंबील काढणारा. तो भुकेला होता. चोरी करायला लागावी इतका भुकेला होता, आणि तिनं त्याला चार बायकांत उघडं पाडलं. सगळ्या पनवेलच्या आजाऱ्यांना मुडदुशा खिलवणारी बाई घरी नवऱ्याला उपाशी मारत होती. तिला रडू येईना. कुणीतरी फाडकन कानाखाली वाजवावी आणि कान नुसता वाजत राहावा, तशी ती बसून राहिली. कुंदन आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "तुज्या बापाला मी उपाशी ठेवलाय." आणि कुंदनला वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला.

पण जनी ती जनीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार पुड्यांचा डबा घेऊन हजर. मुडदुश्यांचं कालवण, तळलेली कोलंबी, तांदळाच्या भाकऱ्या, भात. खाटेवर पेपर अंथरून तिनं सगळं मांडलं. सिस्टरनी बघितलं आणि धावत जाऊन अनुयाला बोलावून आणलं. अनुयानं येऊन डब्यावर हात ठेवला.

"हे सगळं आज नाही द्यायचं, मावशी."

जनीचा तोल गेला. "काल बोललीस उपाशी ठेवला. आज खायाला आनला तं नको बोलतंस? तू ठरव बाय एकदा, मारायचा का जगवायचा."

"जगवायचंय, म्हणूनच सांगते," अनुया म्हणाली, आणि तिनं जनीला स्टुलावर बसवलं. "इतके महिने शरीर उपाशी राहिलं की ते काटकसरीनं चालायला शिकतं. अशा माणसाला एकदम पोटभर वाढलं तर रक्तातले क्षार झपकन खाली येतात. हृदय बंद पडू शकतं. आधी रक्त तपासू, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊ, आणि मग थोडं थोडं वाढवत नेऊ. आज अर्धं अंडं, जरा मऊ भात आणि डाळ. कोलंबीची वेळ येईल."

जनी बघतच राहिली. उपासानं मरतं हे ठीक, वाढल्यानंही मरतं? आपण आता याच्यासमोर हा डबा रिकामा केला असता तर काय झालं असतं? तिनं निमूटपणे पुडे एकावर एक रचले आणि बाजूच्या खाटांशी बसलेल्या बायकांना वाटून टाकले. स्वतः तोंडाला लावलं नाही, नवस होता ना.

मग अनुयानं एकेक वस्तू परत आणायला सुरुवात केली. किडनीचा रिपोर्ट तिनं डॉक्टरांबरोबर बसून पुन्हा बघितला. मच्छी बंद करण्याएवढं त्यात काही नव्हतं, आणि आता तर तीच लागणार होती. मीठ थोडं आलं, डाळ आली, दही आलं, दुधात कालवायची पावडर आली. गोड तेवढं बंद राहिलं. रोज सकाळी रक्त तपासायचे आणि ताटात थोडी भर पडायची. दर जेवणाला ताट स्वच्छ होऊन परत जात होतं. सिस्टर सत्यवती कौतुकानं म्हणायच्या, "काका शिस्तीत जेवतात हो."

तरी दयाराम काही उठेना. सूज थोडी उतरली आणि खालचं माणूस दिसायला लागलं, काडीसारखं. मूठ तशीच ढिली. जखम तशीच राखाडी. डॉक्टर ड्रेसिंग उघडायचे, बघायचे आणि न बोलता झाकायचे. शेवटी त्यांनी सोमवारचं ऑपरेशन लावलं. कुंदननं सही केली. जनी त्या दिवशी दोन वेळा बाथरूममध्ये जाऊन भिंतीला धरून उभी राहिली. तिला वाटलं देवीच कोपली असणार, नवसात काहीतरी खोट राहिली असणार. मागच्या ताटात उरलेली डाळ तिनं जरा जास्तच चवीनं खाल्ली होती, तेवढंही तिला आठवलं.

अनुयाला काही केल्या मेळ बसेना. एवढं अन्न पोटात जातंय, मग दिसत का नाही? शनिवारी ती भर जेवणाच्या वेळेला वॉर्डात आली आणि बाजूच्या खाटेशी बोलत उभी राहिली.

दयारामपुढे ताट होतं. भात, डाळ, उकडलेलं अंडं, दही. त्यानं अंड्याचे चमच्यानं दोन सारखे भाग केले. एक खाल्ला. भाताच्या मुदीच्या मधोमध चमच्यानं रेघ ओढली आणि अलीकडचा भात खाल्ला. वाटीतली डाळ अर्ध्यावर आल्यावर थांबला. मग ताट सरकवून म्हणाला, "पोट भरला." जनीनं ताट मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून खायला लागली.

अनुया खाटेजवळ आली. भूक मेलेला माणूस दोन घास कमी खातो, चार जास्त खातो, मध्येच थांबतो. रेघ ओढून खात नाही.

"काका," ती म्हणाली, "खरं सांगा. पोट भरलं होतं?"

दयारामनं जनीकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"सांगा ना."

"मी सगला खाल्ला तं ही काय खानार?" दयाराम म्हणाला.

जनीचा घास हातात राहिला.

"ही माज्या ताटातलाच खाते," तो अनुयाला सांगत होता, जणू जनी तिथं नव्हतीच. "घरी पन तसाच. टोपात एकाच मानसाची पेज असायची. मी उरवीन तेवढीच ही प्यायची. सगली मीच पिली असती तं हिला काय, टोप चाटाय लावू? दिवसभर पाटी घेऊन बसते ती."

"तुमाला कसा ठावूक?" जनीनं विचारलं.

"पाय बधिर झालाय माजा. डोले नाय."

वॉर्डात बाजूला कुणाचा तरी मोबाईल वाजत होता. जनी मांडीवरच्या ताटाकडे बघत होती. गणपतीनंतरची प्रत्येक पेज तिच्या डोळ्यासमोर यायला लागली. आपण उपास काढतोय, देवीला सोसून दाखवतोय, असं ती समजत होती. आणि हा समोर बसून आपल्या तोंडचं अर्धं काढून ठेवत होता. पाहिजे असूनही, भुकेनं कासावीस असूनही. तिनं बोंबील ओढून घेतला, त्या संध्याकाळीही त्यानं अर्धी पेज ठेवली होती. तिनं ती पिऊन टाकली होती. ही भाताची अर्धी मूद म्हणजे त्याच्या पायात भरायचं मांस, आणि आपण रोज बसून ते खातोय, असं तिच्या मनात आलं आणि तिला भडभडून आलं. तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला.

अनुयानं खिशातली टेप काढली, जनीची बाही वर केली आणि तिच्याही दंडाला लावली. आकडा बघून तिनं डोळे मिटून घेतले. एक माणूस तपासताना शेजारचं दुसरं आपल्याला इतके दिवस दिसलंच नाही, याचा धक्का आता तिच्या चेहऱ्यावर होता.

"मावशी, तुमचा दंड काकांपेक्षा वेगळा नाही," ती हळू म्हणाली. "तुमचंही रक्त तपासू, आणि तुम्हीही थोडं थोडंच वाढवायचं. आता दोघांना दोन ताटं. काका, आजपासून हे सगळं तुमचं. रेघ ओढायची नाही."

"आगोदर ही खाऊ दे," दयाराम म्हणाला. "माज्या देखत. मग मी."

खाटेखाली गोदूनं पाठवलेला डबा होता. गोदू रोज जनीसाठी डबा पाठवायची आणि जनी तो रोज वाटून टाकायची. अनुयानं तो उघडून तिच्यापुढे ठेवला. मुडदुशीचं पातळ कालवण होतं, वाफ अजून गेली नव्हती.

जनी त्या डब्याकडे बघत बसली. अनुयाला काय माहीत, ती काय मागतेय ते. घास तोंडात घातला की नवस मोडला. नवस मोडला की पाय गेला. जनीसाठी हे सूर्य उगवण्याइतकं खरं होतं, आणि सोमवार तर परवावर आलेला. आणि नाही खाल्लं तर हा अर्ध्यावर थांबणार. हट्टी माणूस. चाळीस वर्षं ओळखते ती त्याला.

ती उठली. वॉर्डाच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्याच तेवढ्या दिसत होत्या. डोंगर कुठल्या अंगाला असेल याचा अंदाज घेऊन तिनं त्या टाक्यांना हात जोडले.

"आये," ती पुटपुटली, "पाय ठेवायचा तं ठेव, नाय तं ने. मानूस ठेव. तुजा माजा काय ते मागून बघू."

मग ती परत येऊन स्टुलावर नवऱ्याकडे तोंड करून बसली, मांडीवरचं त्याचं अर्धं ताट त्याच्यापुढे ठेवलं, आणि डब्यातल्या मुडदुशीचा मोठा घास तोंडात घातला. इतक्या महिन्यांनी मच्छीची चव जिभेला लागली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दयाराम टक लावून बघत होता. तिनं घास गिळला, ते त्यानं नीट पाहून घेतलं. तेव्हा कुठे त्यानं अर्धं अंडं उचललं.

अनुया तशीच सर्जनकडे गेली. तिनं त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण ताप नव्हता, विष वर सरकलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. "दोन आठवडे देतो. रोज ड्रेसिंग मी स्वतः बघणार," ते म्हणाले. "बिघडतंय असं वाटलं तर त्याच दिवशी घेईन."

ते दिवस जनीनं कसे काढले ते तिलाच माहीत. ड्रेसिंगच्या वेळी ती पडद्याबाहेर उभी राहायची आणि डॉक्टरांच्या पायांकडे बघायची, कारण बाकी काही दिसायचं नाही. दयारामच्या ताटात हळूहळू मच्छी आली, मग एक दिवस कोलंबीही आली. रेघ ओढायची सवय मात्र चटकन जाईना. तो अर्ध्यावर यायचा, थांबायचा, जनीकडे बघायचा. जनी आपल्या डब्यातला घास त्याला दाखवून तोंडात टाकायची, की मग त्याचा चमचा पुढे सरकायचा.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पडद्याआडून डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. जखमेत राखेचा रंग नव्हता. कडेकडेनं लालबुंद, ओलसर दाणे भरून आले होते, ताज्या सुरमईच्या कल्ल्यासारखे लाल. ताजं काय नि शिळं काय, हे जनीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"पाय राहतोय," डॉक्टर म्हणाले. "बोटं गेली ती गेली. चालतील काका."

जनीनं डॉक्टरांकडे बघून मान हलवली आणि नवऱ्याचा ताईत उगाच नीट करत राहिली.

त्या दुपारी ताट आलं. दयाराम कुंदनशी फोनवर बोलत जेवत होता, द्रोणागिरीला पाणी येतं का, नातवाचा खोकला थांबला का. बोलता बोलता भात संपला, कालवणाची वाटी संपली, मुडदुशीचा काटा तेवढा कडेला राहिला. त्यानं बोटानं ताट पुसून बोट चाटलं आणि फोन ठेवताना त्याचं लक्ष ताटाकडे गेलं. तो दचकला.

"काय नाय उरला," तो म्हणाला.

जनीनं ते ताट हातात घेऊन बघितलं. मग खाली ठेवलं, आपला डबा उघडला आणि त्याच्यासमोर बसून जेवायला लागली.